दार लाव

मिठागरावर तिला सगळे मुकादमीण म्हणत. खरा मुकादम वेगळाच होता, छत्री घेऊन फिरणारा, आणि त्याच्या बायकोने तर कधी बांधावर पाऊलही टाकलं नव्हतं. पण हिचा आवाज असा, की एका बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या बांधावरचा माणूस हातातलं काम टाकून उभा राही. नवऱ्याचा आवाज मात्र घरातल्या घरातही पोचत नसे. एक बोलणारी आणि एक ऐकणारा म्हणूनच यांचं जमतं, असं सासू म्हणायची.

त्या मंगळवारी त्याने ऐकलं आणि तिथेच घात झाला.

हंगाम सरत आला होता. दुपारचं आभाळ मळकं दिसायला लागलं होतं. शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं होतं, तळाला बोटभर जाड थर बसला होता आणि दोन दिवसांत तो लांब दांड्याच्या फळीने ओढून गोळा करायचा होता. वरच्या वाफ्यातलं पिकलं पाणी, म्हणजे उन्हाने आटून दाट झालेलं, थोडं खाली सोडायचं आणि दार बंद करायचं, एवढंच काम उरलं होतं. दार म्हणजे बांधातल्या खाचेत बसणारी लाकडी फळी. नवरा त्या दारापाशी उभा होता. त्याच्यापासून चार पावलांवर खाडीचं पाणी वरच्या वाफ्यात ओढणारा पंप होता. मुकादमीण खालच्या वाफ्याच्या पार टोकाला, घोटाभर पाण्यात. पाणी हवं तेवढं आल्यावर तिने हात वर केला आणि ओरडली, "अहो, दार लावा!"

वारा उलटा होता. 'दार' वाऱ्याने नेलं, 'लावा' तेवढं पोचलं. नवऱ्याने पंप लावला.

ती पाठ करून बांधाची माती थापत बसली होती. पंपाचा आवाज शेजारच्या वाफ्यांवरही चालूच असतो, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. आधी कळलं ते पायांना. पिकलं पाणी पायाला चिकटतं, भेगांत झोंबतं. हे पाणी हलकं लागलं, थंड लागलं. तिने वळून पाहिलं तर वरचा वाफा तुडुंब भरून उघड्या दारातून खाडीचं कोवळं पाणी खाली धावत होतं. ती पळत जाऊन दार खाली दाबेपर्यंत पायाखालचा थर मऊ पडला होता. मूठभर उचलला तर बोटांतून पाणी होऊन गळाला.

"मी दार लावा म्हटलं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"तू लावा म्हणालीस. मी लावला."

"पंप कुणी लावायला सांगितला होता? एवढी वर्षं मिठात गेली तुमची. डोकं आहे की नाही?"

शेजारच्या बांधावरचे दोघेजण फळ्या टेकवून ऐकत उभे होते. त्यातला एक हसला. नवऱ्याने खाली मान घातली आणि तो पंप बंद करायला गेला. आठ दिवसांचं मीठ विरघळलं होतं. आता पाणी बाहेर काढून, तळ पुन्हा तुडवून, पुन्हा आठ दिवस ऊन मागायचं, आणि आभाळ तर तोंड फिरवून बसलेलं.

संध्याकाळी घरी कुणी बोललं नाही. मुकादमीण नवऱ्याशी बोलायची बंद झाली म्हणजे घर एकदम मोठं वाटायला लागे. लेक एका कोपऱ्यात पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यावर बोटं आपटत होती.

"काय चाललंय ते?" मुकादमीण खेकसली.

"अभ्यास."

पुठ्ठ्यावर पेनाने चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. लेक आठ बोटांनी तो पुठ्ठा बडवत होती, न बघता.

"शाळेत कॉम्प्युटर आले ना? मग पुठ्ठा कशाला?"

लेकीने पुठ्ठा पालथा घातला. मग म्हणाली, "आम्हाला आत घेत नाहीत. आम्ही सातजण व्हरांड्यात बसतो. खिडकीतून दिसतं."

"सातजण कोण?"

"मिठागरातले."

मुकादमिणीने पुठ्ठा स्वतःकडे ओढला. मग तिने विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"आणि आता सांगतेस?"

"सांगून काय झालं असतं? तू भांडली असतीस."

सासू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "भांडेलच की. देवाने घसा दिलाय कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याकडे न बघता सासूला सांगितलं, "ह्यांना म्हणावं, तळ तुडवायला घ्या. मी शाळेत जाऊन येते." नवरा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याने मान डोलावली आणि तीही सासूकडेच बघून.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पण तिने आपल्या लुगड्याकडे पाहिलं आणि ती उभीच राहिली. त्यांनी कपाट उघडून एक कीबोर्ड काढला आणि उलटा करून दाखवला. आतली पट्टी लाल झाली होती, बटणं दाबली तर दबलेलीच राहत होती.

"हे बघा मावशी. सहा मशीनं मिळाली शाळेला. पंधरा दिवसांत एकाचं हे झालं, नवीन आणून बसवावा लागला. मीठ. तुमच्या पोरांच्या हातांना असतं, कपड्यांना असतं, केसांत असतं. त्यांचा दोष नाही. पण उद्या सहाही बंद पडली तर कुणाचीच पोरं शिकणार नाहीत. वरून लोक येतील, वापरता येत नसतील तर परत द्या म्हणतील."

"मग आमची पोरं नुसती बघणार?"

"बघूनही पुष्कळ कळतं."

"मास्तर, फळी बघून मीठ ओढता येतं का?"

हेडमास्तर कसनुसे हसले. कीबोर्ड त्यांनी पुन्हा कपाटात ठेवला आणि हात रुमालाने पुसले. ते पुसणं तिने पाहिलं. तिला लाजही वाटली आणि रागही आला, आणि त्यातलं आधी कोणतं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हात स्वच्छ असले तर?" तिने विचारलं.

"रोज कोण बघणार?"

"मी बघते. मी धुते. रोज, तासाच्या आधी, दारात उभी राहून. तुम्ही तपासा."

"मावशी, असं चार दिवस होतं आणि मग—"

"आठ दिवस द्या. एक मशीन द्या. तेच द्या, बिघडलेलं होतं ते. आठ दिवसांत त्याला काही झालं तर मी स्वतः पोरांना घेऊन जाते."

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कोवळ्या वयाच्या, बारीक चणीच्या. या शाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "सर, तासाच्या पटावर नावं नकोत तर नकोत. नुसतं बसू तर द्या. त्या मुलीने पुठ्ठ्यावर टायपिंग शिकून घेतलंय."

हेडमास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आठ दिवस," ते म्हणाले. "नावांचं नंतर बघू."

आता म्हणायला सोपं, पण मिठागराच्या वस्तीत हात धुवायचे म्हणजे काय, ते मास्तरांना माहीत नव्हतं. सगळीकडे पाणीच पाणी आणि त्यातला एक थेंब कामाचा नाही. खाऱ्या पाण्याने हात धुतले तर वाळल्यावर वर पांढरी भुकटी उरते. गोडं पाणी वस्तीच्या टोकाच्या नळाला सकाळी तासभर येई आणि दर घराला चार हंडे मिळत. एक प्यायला, एक स्वयंपाकाला, एक भांड्यांना, आणि चौथा सगळ्यांच्या अंगाला मिळून. मुकादमीण तो चौथा हंडा बाजूला ठेवून बघत बसली.

"ने," सासू म्हणाली. "माझं अंग धुवून आता कुणाला दाखवायचंय? सगळं जग मीठ खातं, आणि मिठाच्या हाताला भितं. ने तू."

गुरुवारपासून सुरू झालं. पहाटेच ती वाफ्यात उतरे. तळ तुडवायचा म्हणजे ओल्या मातीवर टाचा आपटत तासन्‌तास चालायचं, माती दगडासारखी कडक होईपर्यंत. नवरा एका टोकाने, ती दुसऱ्या टोकाने. मध्ये भेट झाली की ती तोंड फिरवून वळे. टाचांच्या भेगांत खार जाई. दुपारी तास सुरू व्हायच्या आधी ती डोक्यावर हंडा घेऊन वस्तीतून शाळेत जाई, अर्ध्या तासाची वाट. शाळेच्या पायरीवर सातजण ओळीने हात पुढे करून उभे राहत. ती प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत धुई, नखांच्या कडा काडीने साफ करी, मग पाय. पाणी जपून, तांब्याने, धार बारीक. त्यांच्या आया घरचे धुतलेले कपडे तिच्याकडे देऊन ठेवत आणि पोरं व्हरांड्याच्या आडोशाला ते बदलत.

"दुखतं, मावशी," एक पोरगी म्हणाली. तिच्या तळव्याला फळीने फोड आलेला.

"दुखू दे. मिठात याहून दुखतं."

हेडमास्तर पहिले तीन दिवस स्वतः येऊन हात बघून गेले. पोरं हात उलटे-सुलटे करून दाखवत. गावातली पोरं आतून बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. त्यांचे हात कुणी बघत नव्हतं. त्यांतल्या एकाच्या बोटांना शाई होती आणि दुसऱ्याच्या हाताला कसलीशी चिकट मिठाई. मुकादमिणीने ते पाहिलं, गिळलं, आणि तांब्या पालथा घालून ती पायरीवर बसून राहिली. परत जायला हवं होतं, पण पंधरा मिनिटं ती थांबायचीच. दारावर पाटी होती, 'मशीनला हात लावू नये'. लेकीने ती तिला वाचून दाखवली होती. त्या पाटीखालून लेक आत जाई आणि मशीनला हात लावी, तेवढं बघून ती उठत असे. असं बघताना तिला बरं वाटे.

बाईंनी मशीनमधल्या शब्दांचं मराठी करून दिलं होतं. पडद्यावर रंगीत तुकडे होते, एकेका तुकड्यावर एकेक हुकूम, आणि ते एकाखाली एक जोडायचे. 'चालू' करायच्या तुकड्यावर बाईंनी 'लाव' लिहिलं होतं आणि 'बंद' करायच्या तुकड्यावर 'घालव'. कारण दिवा आपण लावतो आणि घालवतो, असं त्या पोरांना म्हणाल्या होत्या. पोरांनाही ते पटलं. पहिल्या आठवड्यात पडद्यावर दिवे लागले, पंखे लागले, रेडिओ लागला. सगळं सुरळीत.

बाहेर मात्र आभाळ रोज थोडं खाली येत होतं. वाफ्यात पुन्हा पिकलं पाणी सोडलं होतं, पुन्हा वर मिठाची साय धरायला लागली होती. आठव्या दिवशी सकाळी नवऱ्याने पाण्यात बोट घालून चाखलं, आभाळाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलला. "आजच ओढायला हवं. उद्याचा भरवसा नाही."

तिने मान हलवली. ओढायचं म्हणजे दोघांनी, दिवसभर. दुपार झाली तेव्हा अर्धा वाफा उरला होता. तिचे खांदे भरून आले होते. तिने फळी बांधावर ठेवली.

"जातेस?" त्याने विचारलं.

"आज आठवा दिवस आहे."

"जा मग. मी ओढतो." आणि तो फळी घेऊन तिच्या बाजूच्या ढिगाकडे वळला. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण आठ दिवसांचा अबोला असा पायरीवरून उतरावा तसा उतरता येत नाही. ती हंडा उचलून निघाली.

त्या दिवशी बाईंनी ज्याला जे हवं ते करायला सांगितलं होतं. गावातल्या पोरांनी कुणी चौकातले दिवे केले, कुणी घंटा केली. मिठागरातल्या सातजणांनी एका मशीनवर आपला वाफा केला. निळं पाणी, मध्ये बांध, बांधात दार, बाजूला पंप. पाणी खुणेपर्यंत आलं की दार मिटलं पाहिजे, एवढंच. लेकीने तुकडे जोडले आणि सातही डोकी पुढे झुकली.

पाणी खुणेपर्यंत आलं. दार उघडंच राहिलं. पाणी वर गेलं, बांधावरून गेलं, सगळा पडदा निळा झाला.

पुन्हा केलं. पुन्हा निळा. बाईंनी येऊन वाचलं, बोट ठेवून, एकेक तुकडा. "बरोबर आहे की," त्या म्हणाल्या. "पाणी खुणेला आलं की दार लाव. अगदी बरोबर आहे." त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा निळा.

हेडमास्तर आठ दिवस झाले म्हणून आलेच होते. ते मागे उभे राहून बघत होते. त्यांनी दुसऱ्या पाच मशीनांवरून नजर फिरवली. तिथे दिवे लागत होते, घंटा वाजत होत्या.

"हेच एक चालत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडं वाईटच वाटत होतं. "बाई, मी म्हटलं होतं तुम्हाला. कितीही धुतलं तरी मीठ ते. चला मुलांनो, उठा. आणखी बिघडायला नको."

सहाजण उठले. ते दाराकडे चालू लागले, सवयीने, व्हरांड्याच्या दिशेने. लेक उठली नाही. ती पडद्याकडे बघत होती.

मुकादमीण पायरीवरून उठून दारात आली. आत पाऊल टाकायच्या आधी तिने हंड्यात उरलेलं पाणी पायांवर घेतलं. मग ती आत गेली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच जात होती.

"काय सांगितलंस तू त्याला?" तिने लेकीला विचारलं.

"मावशी, आता—" हेडमास्तर म्हणाले.

"थांबा मास्तर. काय सांगितलंस? वाच. मला वाचता येत नाही."

लेकीने वाचलं. "पाणी खुणेला आलं की दार लाव."

"आणि त्याने काय केलं?"

"काही नाही. दार उघडंच ठेवलं."

"कालपरवा ह्या मशीनवर 'लाव' म्हटलं की काय व्हायचं?"

"दिवा लागायचा. पंखा लागायचा."

"म्हणजे चालू व्हायचं."

"हो. चालू."

मुकादमीण तिथेच फरशीवर बसली. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, आणि ते तिने ओल्या हातांनीच पुसले. "अगं, त्याने दार चालू केलं," ती म्हणाली. "चालू म्हणजे उघडं. तुम्ही म्हणताय लाव, तो म्हणतोय लावलं. तो तुमचं ऐकतोय गं. अक्षर न्‌ अक्षर ऐकतोय."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. दिवा लाव आणि दार लाव, त्यांनी जन्मभर दोन्ही म्हटलं होतं आणि दोन्ही वेगळं आहे हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"आमच्या ह्यांनीही असंच केलं," मुकादमीण फरशीकडे बघत म्हणाली. "लावा म्हटलं, त्यांनी पंप लावला. मीठ गेलं सगळं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चारचौघांत अक्कल काढली त्यांची. आणि शब्द तर माझाच अर्धा होता."

लेकीने 'लाव'चा तुकडा काढून टाकला आणि तिथे 'घालव' आणून बसवला. मग तिला तेही पटलं नाही. तिने बाईंकडे पाहिलं. "बाई, शब्द बदलता येतात?"

बाईंनी वाकून काहीतरी केलं. 'लाव'च्या जागी 'चालू' आलं, 'घालव'च्या जागी 'बंद'. लेकीने तुकडा जोडला. पाणी खुणेपर्यंत आलं आणि दार खाली आलं. निळं पाणी खुणेवर थांबलं, थांबूनच राहिलं. सहाजण दारापासून परत आले होते आणि एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. शेजारच्या मशीनवरचा शाईच्या बोटांचा पोरगाही उठून आला.

हेडमास्तरांनी त्या थांबलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग बाईंच्या टेबलावरचा पट उचलून त्यांच्या हातात दिला.

"यांची नावं लावा," ते म्हणाले.

मुकादमीण गुडघ्यावर हात टेकून उठली. हंडा काखेत घेतला. तिकडे अर्धा वाफा बाकी होता आणि एक माणूस एकटा ओढत होता, ज्याला तिला जाऊन काही सांगायचं होतं. तरी ती दारात थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "लावा म्हणजे काय? बंद की चालू?"

हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. सातही पोरं त्यांच्याकडे बघत होती.

"चालू," ते म्हणाले.